उन्हात मऊ पडलेलं डांबर आणि दुचाकीची पकड: कोल्हापुरात नव्यानं गाडी चालवणाऱ्यांसाठी

मार्चएंडला उरकलेलं डांबरीकरण, पावसाळ्याच्या आत घाईनं मारलेले पॅच आणि एप्रिल-मेचं ऊन, या तिन्हींची कोल्हापूर जिल्ह्यात दरवर्षी एकाच वेळी गाठ पडते. त्यात चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा आणि वळवाचा पाऊस. शिकायला किंवा शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला आलेल्या आणि पहिलाच उन्हाळा दुचाकीवर काढणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. टायर कुठला चांगला यावर चहाच्या टपरीवर तासभर बोलणं होतं, पण खालचा रस्ता कसा वाचायचा हे कुणी सांगत नाही.

## १. पकड खडी देते, डांबर नाही

डांबराचं काम खडीला धरून ठेवायचं. टायरचं रबर खडीच्या टोकांवर दाबलं जातं, त्यांच्या खरखरीत खाचांत किंचित शिरतं, आणि पकड तिथं मिळते. खडीच्या मधल्या फटींतून पावसाचं पाणी टायरखालून निसटतं.

रस्त्याच्या कामाला आपल्याकडे मुख्यतः व्हीजी-३० आणि जड वाहतुकीच्या रस्त्याला व्हीजी-४० दर्जाचं डांबर वापरतात. मानकाप्रमाणे व्हीजी-३० किमान ४७ अंश सेल्सिअसपर्यंत आणि व्हीजी-४० किमान ५० अंशांपर्यंत मऊ पडता कामा नये. पण हवेचा पारा ३७-३८ वर असताना काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास जातो. तेव्हा डांबर मऊ पडणारच, त्यात भेसळ शोधत बसू नका. खडीचा सांगाडा घट्ट असेल तर मऊ डांबरानं फारसं बिघडत नाही.

बिघडतं ते मिश्रणात डांबर जास्त पडल्यावर, आत पोकळी कमी राहिल्यावर, किंवा जुन्या पॅचवर परत परत डांबर ओतल्यावर. उन्हात फुगलेलं डांबर ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या चाकांखाली दाबलं जाऊन वर येतं, खडी बुडते आणि रस्ता आरशासारखा काळा चकाकतो. हे डांबर थंडी पडली म्हणून परत आत जात नाही. दुपारी चकाकणारा पट्टा पहाटे कडक होईल, पण गुळगुळीतच राहील.

इथं बहुतेकांचा एक गैरसमज असतो: डांबर चिकट आहे, म्हणजे टायर चिकटून राहणार. हळू आणि एकसारख्या वेगात जाताना तसं वाटतंही. ब्रेक दाबला की मात्र रबर आणि खडी यांच्यामधला डांबराचा थरच सरकतो, आणि टायर त्याच्यासकट पुढं जातो.

## २. निघण्याआधी टायर बघा

टायर थंड असताना हवा तपासा, म्हणजे गाडी निदान दोन-तीन तास उभी असताना. आकडा गाडीच्या चेनकव्हरवर, स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) किंवा माहितीपुस्तकात असतो. मागं माणूस बसणार असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो, तो पाळा.

उन्हाळ्यात हवा चार पॉइंट (म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) कमी ठेवायचा सल्ला हमखास मिळेल. तो ऐकू नका. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, टायर आणखी तापतो आणि वळणावर गाडी डुलायला लागते. टायर तापला की दाब वाढतो हे खरं आहे, दर १० अंशांमागं साधारण दीड पीएसआय. कंपनीनं थंड टायरचा आकडा देताना ही वाढ धरलेली असते. तापलेल्या टायरमधून हवा सोडलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो कमी हवेचा टायर असेल. नायट्रोजन भरलं तरी तापल्यावर दाब तेवढाच वाढतो.

नक्षी बघा. दुचाकीच्या टायरची नक्षी कायद्यानं किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, टायरच्या कडेला त्यांची खूण असते. नक्षी झिजून त्या उंचवट्यांशी सपाट झाली की टायर संपला. गावात पंचवीस किलोमीटर वेगानं फिरताना गोटा झालेला टायर कोरड्या रस्त्यावर चालून जातो, म्हणून लोक तो पावसापर्यंत ढकलतात. वळीव मात्र जूनची वाट बघत नाही.

टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो. २३२४ म्हणजे २०२४ सालातला २३वा आठवडा. पाच वर्षांपुढचा टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक पडलेला असू शकतो. कडेला बारीक भेगा दिसल्या तर बदला. नवीन टायर टाकलात तर पहिले दीडशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि जास्त झुकणं टाळा, वरचा चकचकीत थर जायला तेवढं लागतं. आणि धुलाई केंद्रावर पोरगा टायरला पॉलिश मारायला आला की त्याला थांबवा. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला ते लागलं तर चकचकीत डांबराची गरजच उरत नाही.

## ३. सोबत काय ठेवायचं

कागदपत्रं: लायसन्स, आरसी, चालू विमा, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत चालते. विम्याची तारीख आधी बघून ठेवा, पडल्यानंतर बघण्यात अर्थ नाही.

सामान सीटखाली किंवा छोट्या पिशवीत मावतं:

- हवा मोजायचं मीटर. पंपावरचे सगळे मीटर एकच आकडा दाखवत नाहीत.
- प्लास्टिकची कडक पट्टी आणि जुना टूथब्रश
- सुती फडकं
- साईड स्टँडखाली ठेवायला पत्र्याचा तुकडा (माप पुढं दिलंय)
- ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चर किट आणि छोटा पंप

घरी खोबरेल तेलाची बाटली, भांड्यांचा साबण आणि थोडं रॉकेल असू द्या. कशाला काय लावायचं ते १०व्या पायरीत आहे, त्यात अदलाबदल करू नका.

## ४. वेळ

डांबर सगळ्यात मऊ असतं दुपारी १ ते ४. शक्य असेल तर अकराच्या आत किंवा पाचनंतर निघा. सूर्य मावळला तरी रस्ता तासदीड तास गरम राहतो. पन्हाळा, जोतिबा, गगनबावडा, आंबा घाट या चढउतारांना दुपारची वेळ टाळणं जास्त महत्त्वाचं, कारण तिथं ब्रेक आणि वळण एकाच जागी येतात.

## ५. चकचकीत पट्टा लांबून ओळखा

पट्टे कुठंही पडत नाहीत, त्यांच्या जागा ठरलेल्या असतात. जड वाहनं जिथं ब्रेक मारतात आणि उभी राहतात तिथं डांबर ढकललं जातं: सिग्नलच्या अलीकडं, एसटी थांब्यापाशी, स्पीडब्रेकरच्या आधी, चढाच्या सुरुवातीला, साखर कारखान्यांच्या वाटांवर. तावडे हॉटेल, कावळा नाका अशा जड वाहनांच्या चौकांत सिग्नलच्या आधीचे पन्नास मीटर नेहमी संशयानं बघा.

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा:

- चांगला रस्ता करडा दिसतो, खडीचे दाणे वेगळे दिसतात. डांबर वर आलेला भाग गडद काळा आणि एकसंध.
- सूर्य समोर असताना पट्टा ओला असल्यासारखा चकाकतो. लांबचं मृगजळ जवळ गेल्यावर नाहीसं होतं, पट्टा तिथंच राहतो.
- ट्रकच्या टायरची नक्षी रस्त्यावर उमटलेली असते.
- पुढच्या गाडीच्या टायरचा चर्र असा आवाज येतो, मडगार्डला बारीक खडे लागायला लागतात.

शंका असेल तर गाडी बाजूला घेऊन बुटाची टाच दाबून बघा. ठसा उमटला तर डांबर वर आलंय. हातानं चाचपू नका, भाजेल.

डांबर मुख्यतः जड वाहनांची चाकं जातात त्या दोन चाकोऱ्यांत वर येतं, म्हणून त्यांच्या मधल्या पट्टीत खडी जास्त शिल्लक असते. सरळ रस्त्यावर ती मधली पट्टी बरी. सिग्नलजवळ मात्र तिथंच इंजिनांचं तेल ठिबकलेलं असतं, तेव्हा तिथं चाकोरी आणि मधली पट्टी यांच्या सीमेवरून जा.

नव्या कामाच्या रस्त्यावर दोन गोष्टी वेगळ्या असतात. एक, कारपेट (डांबर-खडीचा वरचा थर) टाकण्याआधी फवारलेलं इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर. ओलं असताना ते तपकिरी दिसतं आणि सुकलं की काळं पडतं. तपकिरी असताना त्यावर चाक घालूच नका, कामगारांना विचारून कडेच्या मातीवरून जा. दोन, वर पसरलेली सुटी खडी किंवा कच (खडीचा बारीक चुरा). डांबर वर आलेल्या जागी कच टाकून रोलर फिरवणं हा योग्य उपाय आहे, पण रोलर न फिरवता नुसतीच टाकून गेलेली कच म्हणजे डांबरावर ठेवलेल्या गोळ्या. ती आठवडाभर कडेला ढीग करून पडून राहते, आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला सगळ्यात जास्त.

## ६. पट्टा ओलांडायची पद्धत

जे करायचं ते पट्ट्याच्या आधी करा.

- करड्या रस्त्यावर असतानाच दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून वेग कमी करा.
- गिअर तिथंच खाली घ्या. पट्ट्यावर गिअर बदलला की मागच्या चाकाला झटका बसतो.
- पट्ट्यावर ब्रेक सोडलेला, ॲक्सिलरेटर एकसारखा, गाडी उभी, हँडल सरळ.
- हँडल आवळून धरू नका. गाडी थोडी हलेल, हलू द्या.
- पलीकडं दोन्ही चाकं करड्या रस्त्यावर गेल्यावर मग वेग किंवा वळण.

घसरायला नको म्हणून पुढच्या ब्रेकला हात न लावणारे पुष्कळ आहेत. नुसता मागचा ब्रेक दाबला की मऊ डांबरावर मागचं चाक लगेच अडकतं आणि गाडी आडवी फिरते. सरळ रेषेत दोन्ही ब्रेक, आधी हलके आणि मग वाढवत. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि खालच्यांना एबीएस किंवा सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. एबीएस चाक अडकू देत नाही, पण नसलेली पकड तयार करत नाही, थांबायचं अंतर लांबतंच.

किती लांबतं ते गणितानं बघा. ताशी ५० वेगानं चांगल्या कोरड्या खडीवर, घर्षणांक (पकडीचं माप, जास्त आकडा म्हणजे जास्त पकड) ०.८ धरला तर ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते. घर्षणांक ०.४ वर आला की २५ मीटर. ब्रेक दाबायच्या आधीच्या एका सेकंदात गेलेले १४ मीटर यात धरलेले नाहीत.

चाक घसरलंच तर: पुढचं चाक सरकतंय असं वाटताच पुढचा ब्रेक सोडा. मागचं सरकलं तर ॲक्सिलरेटर झटकन बंद न करता अलगद कमी करा, आणि नजर जायचं आहे तिकडं ठेवा, खड्ड्याकडं किंवा ट्रककडं नको.

## ७. वळण आणि घाट

वळणावर किती पकड लागते हे वेगाच्या वर्गावर ठरतं, आणि लोक फसतात ते याच ठिकाणी. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर, म्हणजे घाटातल्या घट्ट वळणावर, ताशी २० वेगाला जेमतेम ०.१६ घर्षणांक पुरतो. ३० ला ०.३५ लागतो. ४० ला ०.६३. चांगली खडी असेल तर ४० चा वेग निभतो. तोच वेग चकचकीत पट्ट्यावर निभत नाही, टायर कितीही महागाचा असो. १० किलोमीटरच्या फरकात पकडीची मागणी जवळजवळ दुप्पट होते. म्हणून पुढचं दिसत नसलेल्या वळणात २५ च्या आत शिरा.

उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर इंजिनचा रोध वापरा, पण गिअर वळणाच्या बराच आधी खाली घ्या आणि क्लच हळू सोडा. झटकन सोडलेला क्लच मागच्या ब्रेकइतकाच चाक अडकवतो. मागं माणूस असेल तर त्याला आधीच सांगा की वळणात हलायचं नाही.

जोतिबाच्या डोंगरावर यात्रेच्या दिवसांत आणखी एक भर असते. गुलाल-खोबरं उधळतात, ते रस्त्यावर पडतं. कोरडा गुलाल बारीक पावडरीसारखा टायरखाली सरकतो, आणि गरम रस्त्यावर चिरडलेल्या खोबऱ्याचं तेल सुटतं. देवळाच्या जवळच्या शेवटच्या टप्प्यात गाडीवर बसून कसरत करण्यापेक्षा खाली गाडी लावून चालत जाणं शहाणपणाचं. ट्रिपल सीट तर नकोच.

## ८. वळीव: सगळ्यात वाईट वेळ

दुपारी दोनचं मऊ डांबर धोक्याचं आहेच, पण त्याहून वाईट वेळ म्हणजे त्याच दिवशी संध्याकाळी पाचला आलेली वळवाची सर. महिनोन्महिने साठलेली धूळ, टायरच्या रबराचा चुरा आणि ठिबकलेलं तेल पहिल्या सरीत एकत्र होतं. खडी बुडालेली असल्यानं पाण्याला निसटायला फट नाही. असा पट्टा ओल्या सारवलेल्या अंगणासारखा होतो.

पहिली दहा-पंधरा मिनिटं थांबा. झाडाखाली नको, वीज पडते आणि वाऱ्यानं फांद्याही. पक्क्या छपराखाली थांबा. जोराचा पाऊस रस्ता धुऊन काढतो, नुसता शिडकावा झाला तर चिकचिक तशीच राहते, म्हणून बारीक सरीला जास्त घाबरा. मग निघताना झेब्रा पट्टे, थांबायच्या पांढऱ्या रेषा आणि लोखंडी झाकणं यांच्यावर ब्रेक मारायचा नाही.

## ९. थांबताना आणि गाडी लावताना

साईड स्टँडचं टोक जेमतेम दोन बोटांएवढं असतं. मऊ डांबरात ते तासाभरात रुततं आणि गाडी शेजारच्या चार गाड्या घेऊन आडवी होते. उद्यमनगरात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून ३ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचा १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापून घ्या, कोपऱ्याला भोक पाडून त्यात दोरी बांधा. वजन पाव किलोच्या आत. स्टँडखाली टाकायचा, निघताना बसल्या जागेवरून दोरीनं ओढून घ्यायचा. पत्रा नसेल तर फरशीचा तुकडा चालतो. मेन स्टँड असेल तर तो लावा, पण फार वेळ थांबायचं असेल तर तोही मऊ जागी रुततो.

पायात बूट हवेत, रबरी तळव्याचे. कोल्हापुरी कितीही प्रिय असली तरी तिचा चामडी तळवा गुळगुळीत डांबरावर सटकतो आणि मऊ डांबरावर चिकटून पायातून निघून येतो, तेही नेमकं सिग्नलला पाय टेकताना.

## १०. टायरला डांबर लागलं तर

डांबरासकट खडे टायरला चिकटले की पुढचे काही किलोमीटर तुम्ही रबरावर नाही, त्या थरावर चालत असता. स्वच्छ कोरड्या रस्त्यावर एक-दोन किलोमीटर हळू, न झुकता चालवा, बरंचसं आपोआप निघतं. उरलेलं थांबून प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा. स्क्रूड्रायव्हरनं खरवडलंत तर टायर कापला जाईल. मडगार्डच्या आत अडकलेले खडेही काढा, ते चाकाला घासतात.

- टायर: कोमट पाणी, भांड्यांचा साबण, ब्रश. पेट्रोल, डिझेल, रॉकेल, थिनर अजिबात नाही, यानं रबर खराब होतं. तेलही नाही.
- टाकी, मडगार्ड, पॅनेल: खोबरेल तेल लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, सुती फडक्यानं पुसा, मग साबणानं धुवा. आधी कोरडं घासलंत तर खड्यांचे ओरखडे उठतील.
- चेन: रॉकेल आणि ब्रश, मग कोरडी पुसून चेन ल्यूब. मागच्या टायरवर जुनं कापड टाकून काम करा.
- डिस्क: ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडकं. ब्रेक पॅडला तेल लागलं असेल तर ते धुण्यात वेळ घालवू नका, बदला.

धुतल्यानंतर गल्लीत वीसच्या वेगानं चार-पाच वेळा ब्रेक मारून बघा, मगच मोठ्या रस्त्याला लागा.

## ११. पट्ट्याची तक्रार कुठं करायची

रस्ता कुणाचा हे आधी ठरवा, नाहीतर अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. शहरातले बहुतेक रस्ते महापालिकेचे. बाहेर किलोमीटरचा दगड बघा: वरचा भाग पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभाग. गावांना जोडणारे आतले रस्ते बहुतेक जिल्हा परिषदेचे. पुणे-बंगळूर महामार्गावर १०३३ हा क्रमांक चोवीस तास चालतो. अपघात असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८.

अर्जात "रस्ता खराब आहे" एवढंच लिहू नका. जवळचा किलोमीटर दगड किंवा थांबा, कुठल्या दिशेची बाजू, पट्ट्याची अंदाजे लांबी, आणि "डांबर वर येऊन खडी बुडाली आहे, कच टाकून रोलिंग करावं" असं नेमकं लिहा. सोबत दोन फोटो जोडा, एक लांबून आणि एक टाचेचा ठसा दिसेल असा जवळून. तारीख आणि वेळ घाला, पोच घ्या. फोटो काढताना गाडी पट्ट्याच्या अलीकडं, रस्त्याच्या बाहेर लावा. पलीकडं लावलीत तर घसरत येणारा पुढचा माणूस तुमच्याच गाडीवर येऊन थांबेल.